आजीची बादली, लेकीचा ‘बाल्दे’

गेल्या वर्षीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची गोष्ट. बारामतीत आमच्या कॉलनीतल्या पंधरा-वीस जणी घरी जमल्या होत्या. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला, गप्पांना रंग चढला. तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, “अहो वहिनी, तुमची लेक म्हणे स्पॅनिश बोलते! म्हणायला लावा की काहीतरी.”

पाच वर्षांची माझी लेक परकर-पोलकं सावरत मधोमध उभी राहिली. ‘ऊनो, दोस, त्रेस...’ करत तिनं दहापर्यंत आकडे म्हटले. चंद्राला ‘लूना’ म्हणतात, पाण्याला ‘आग्वा’, दुधाला ‘लेचे’, हेही सांगून टाकलं. टाळ्या पडल्या. दोघींनी मोबाइलवर व्हिडिओ काढला. “पोरगी फॉरेनला जाणार बघा,” असं भाकीतही झालं. खोटं कशाला बोलू? मीही फुलून गेले होते.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही इंदापूर तालुक्यात माझ्या सासरी गेलो. भिगवणच्या पुढे, उजनीच्या पाण्याकडेला आमचं गाव. सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. नातीला म्हणाल्या, “बाय, दुरडीतलं माळवं आण वाईच. कोरड्यास टाकायचंय.”

लेक जागची हलली नाही. दुरडी म्हणजे बांबूची टोपली, माळवं म्हणजे भाजीपाला, कोरड्यास म्हणजे कालवण. यातलं तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. माझ्याकडे वळून ती मोठ्यानं म्हणाली, “आई, आजी कुठल्या लँग्वेजमध्ये बोलते?”

सगळे हसले. सासूबाईही हसल्या. म्हणाल्या, “आता मलाच साळंत घालावं लागतंय जणू.” विषय तिथंच संपला. पण संध्याकाळपर्यंत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सासूबाई नातीशी बोलताना अडखळत होत्या. ‘तू पाणी पिणार का?’ असं जपून जपून, पुस्तकातल्यासारखं बोलत होत्या. आणि असं बोलायचं म्हणून कमी बोलत होत्या. एरवी ज्यांच्या तोंडाला खळ नसते, त्या बाई स्वतःच्या घरात, स्वतःच्या नातीसमोर, शब्द शोधत होत्या.

परतीच्या वाटेवर मला काही सुचेना. ज्या मुलीच्या स्पॅनिशला टाळ्या पडल्या, तिला आजीचं मराठी परकं झालं होतं. हे कुणी केलं? शाळेनं केलं, टीव्हीनं केलं, असं म्हणून मला मोकळं होता आलं असतं. पण ‘कुठं नाही गं, कुठे म्हण’, ‘व्हय काय, हो म्हण’ असं तिला उठता-बसता टोकणारी मीच तर होते.

आता हे स्पॅनिश आमच्या घरात शिरलं कसं, ते सांगते. लग्नाआधी पुण्यात नोकरी करत असताना मी संध्याकाळी स्पॅनिशच्या वर्गाला जात असे. दोन वर्षं केलं, आवडलं, मग लग्न होऊन बारामतीला आले आणि वह्या माळ्यावर गेल्या. लेक झाली. रात्री-अपरात्री तिला मांडीवर थोपटताना आपली सगळी अंगाईगीतं संपली, की कोंबडीच्या पिल्लांचं एक स्पॅनिश बालगीत आपोआप ओठांवर यायचं. ती हसायची. बस, एवढंच. मुलीला तीन-चार भाषा आल्याच पाहिजेत असा काही संकल्प वगैरे मी सोडला नव्हता.

आमचे हे मात्र व्यवहारी. म्हणाले, “शिकवायचंच तर इटालियन शिकव. पियाजिओ इटलीची, फेरेरो इटलीची, दोन्ही आपल्या एमआयडीसीत. उद्या नोकरी तरी लागेल पोरीला!” मी म्हटलं, मला इटालियन येत नाही. आईला जे येतं तेच ती मुलीला देणार ना? पुरणपोळी येणारी पुरणपोळी शिकवते, विणकाम येणारी विणकाम.

वेळापत्रक असं काही नाही. कणीक मळताना, वेणी घालताना, दोरीवरचे कपडे काढताना, रोज साधारण वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत हाताला जी वस्तू लागेल तिचं नाव, एखादी आज्ञा, एखादं गाणं. वही नाही, परीक्षा नाही. आणि शिकवता शिकवता मलाच एक शोध लागला. स्पॅनिश शिकायला मराठी मूल इंग्रजीच्या वाटेनं गेलं, तर उगाच लांबचा वळसा पडतो.

बघा ना. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, आणि ते आपल्या अ, ए, इ, ओ, उ च्या अगदी जवळचे. त्यांचा ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखा दातांना जीभ लावून म्हणायचा. इंग्रजीचा ‘ट’ तिथे चालत नाही. टोमॅटोला ते ‘तोमाते’ म्हणतात. बालवाडीतल्या तक्त्यावर आपण जो ‘ञ’ बिचारा एकटा सोडून दिलेला असतो, तो तर त्यांना रोज लागतो. आणि ‘तू’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात? ‘तू’च म्हणतात! मोठ्या माणसाला मात्र ‘तू’ म्हणायचं नाही, ‘उस्तेद’ म्हणायचं. आपलं ‘तुम्ही-आपण’ जसं, तसंच. हा फरक इंग्रजीत शिकवताना घाम फुटतो. मराठी मुलाला तो जन्मतःच ठाऊक असतो.

गंमत पुढेच आहे. ‘मला आंबा आवडतो’ हे स्पॅनिशमध्ये म्हणायचं, ‘मे गूस्ता एल मांगो’. आंबे अनेक असतील तर ‘मे गूस्तान लोस मांगोस’, म्हणजे ‘मला आंबे आवडतात’. क्रियापद माझ्याप्रमाणे चालत नाही, आंब्याप्रमाणे चालतं. हुबेहूब मराठी! इंग्रजीतून शिकणाऱ्यांची इथे गाडी हमखास अडते, कारण त्यांच्याकडे ‘मी’ पुढे आणि आंबा मागे असतो. चांगला मुलगा, चांगली मुलगी असं विशेषण आपण बदलतो, तेही बदलतात : ‘नीन्यो बुएनो’, ‘नीन्या बुएना’. माझ्या लेकीला यातलं काहीही समजावून सांगावं लागलं नाही. तिचं मराठी आतून तिला सांगत होतं.

म्हणजे तिचं स्पॅनिश ज्या पायावर उभं राहत होतं, तो मराठीचा पाया होता. आणि तोच मी ‘हे म्हणू नको, ते म्हणू नको’ करत पोखरत होते.

एक दिवस तर लेकीनं सरळ संपच पुकारला. मी स्पॅनिशमध्ये काही विचारलं की ती मराठीत उत्तर द्यायची. मग म्हणायला लागली, “आई, नीट बोल ना!” मला वाईट वाटलं, रागही आला. दोन-तीन आठवडे मी चॉकलेटचं आमिष दाखवून पाहिलं. शेवटी कळलं की तिचंच बरोबर होतं. आईला मराठी येतं, मला मराठी येतं, मग मध्ये हे स्पॅनिश कशाला? लहान मूल भाषा उगाच वापरत नाही. ज्या माणसाशी बोलायचं आहे, त्या माणसाची भाषा ते उचलतं.

अमेरिकेतल्या आपल्या मराठी आयांना हे दुःख चांगलं ठाऊक आहे. घरात मराठी कानावर पडतं, मुलांना सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. म्हणून तिथल्या गावोगावी आठवड्याच्या सुट्टीत मराठी शाळा भरतात. १९८१ साली स्थापन झालेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ त्यांच्या पाठीशी उभं आहे. मैलोन् मैल गाडी चालवून त्या बाया मुलांना तिथे नेतात. का? तर मुलांना आजीशी फोनवर दोन वाक्यं धड बोलता यावीत. आणि इथे आम्ही! बारामती-इंदापूर एसटीच्या तिकिटात जी आजी मिळते, तिची भाषा मुलीच्या तोंडून पुसायला निघालो होतो.

हल्ली आपल्याकडे तालुक्याच्या गावातही जाहिराती दिसतात. अबॅकस, फोनिक्स आणि आता फॉरेन लँग्वेज. ‘पाच वर्षांच्या आत शिकवा, नाहीतर वेळ निघून जाईल’, ‘दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो’ वगैरे. आईच्या पोटात गोळा आणायला एवढं पुरतं. यात खरं किती? लहान मुलं उच्चार पटकन आणि नेमके उचलतात, हे खरं. पण जास्त भाषा आल्या म्हणजे बुद्धी वाढलीच, यावर संशोधकांचंच एकमत नाही. आणि नुसता व्हिडिओ लावून देणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या बाळांवर केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, काहींना तेच सगळं पडद्यावर दाखवलं. समोर माणूस असलेल्या बाळांना चिनी भाषेतले वेगळे आवाज ओळखता येऊ लागले. पडद्यावाल्यांना काहीही आलं नाही. बाळालासुद्धा माणूस लागतो हो!

आणि ‘वेळ निघून जाईल’ म्हणणाऱ्यांनी वर्ध्यात जन्मलेल्या पांडुरंग खानखोज्यांना आठवावं. गदर चळवळीतले हे क्रांतिकारक पुढे मेक्सिकोला पोचले आणि चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर त्यांनी मोठं काम केलं. दिएगो रिवेरा या थोर चित्रकारानं आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं. लहानपणी त्यांना स्पॅनिश कोण शिकवणार होतं? मोठेपणी, गरज पडल्यावर ते शिकले आणि त्याच भाषेच्या मुलखात मास्तर झाले. त्यांची मुलगी सावित्री साहनी यांनी त्यांचं चरित्र लिहिलं आहे. माझ्या लेकीला विसाव्या वर्षी मनापासून वाटलं, तर तीही शिकेल. तिची गाडी काही चुकत नाही.

पण आजीची भाषा? तिला तशी सवड नाही. जगात सुमारे पन्नास कोटी लोकांची मातृभाषा स्पॅनिश आहे. माझी लेक नाही शिकली तर तिचं काही बिघडत नाही. आमच्या सासूबाईंचं तसं नाही. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. त्यात आमचं जुनं गाव गेलं. घर गेलं, पार गेला, आड गेला. नव्या गावात त्यांच्याबरोबर आली ती चार भांडी आणि तोंडातली भाषा. ती भाषा कुठल्या क्लासला मिळणार? २०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. पण चुलीपुढचं मराठी आपल्याला अजून ‘अशुद्ध’च वाटतं.

बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण. डॉ. मॅक्सीन बर्नसन ही अमेरिकन बाई १९६०च्या दशकात तिथे आली. कशासाठी, माहीत आहे? फलटणची माणसं मराठी कशी बोलतात, कोणत्या घरातले लोक कसे शब्द वापरतात, याचा अभ्यास करायला. त्यावर त्यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठाची पीएचडी मिळवली, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं आणि फलटणमध्येच प्रगत शिक्षण संस्था उभी करून पोरांना लिहा-वाचायला शिकवलं. सातासमुद्रापलीकडून एक बाई आपलं बोलणं टिपून घ्यायला येते आणि आम्ही शेजारच्या तालुक्यात बसून ते खोडरबरानं पुसतो, याला काय म्हणावं?

२०२५ साली पहिलीपासून हिंदीवरून आपल्याकडे केवढं रण माजलं. २९ जूनला सरकारनं ते निर्णय मागे घेतले. त्या दिवसांत बायकांच्या घोळक्यात एकच प्रश्न असायचा, एवढ्याशा जिवाला किती भाषा? माझं मत थोडं निराळं आहे. घरात, अंगणात, बाजारात दोन-तीन भाषा सहज कानावर पडत असतील, तर लहान मूल त्या पेलतं. सीमाभागातली मुलं मराठी-कन्नड दोन्ही बोलतातच की. प्रश्न आकड्याचा नाही. ती भाषा बोलणारं माणूस मुलाच्या आयुष्यात आहे का, आणि त्या माणसाला घरात मान आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत. माझ्या घरी स्पॅनिशला माणूस होतं, मी. मानही होता. आजीच्या मराठीला माणूस होतं, पण मान मी ठेवला नव्हता.

चूक कळली, आता दुरुस्त कशी करायची? ‘आजीशी बोल’ असं दटावून काही होत नाही. वाट सापडली ती अचानक, उन्हाळ्याच्या सुट्टीत. नळाला पाणी आलं होतं. सासूबाई हाका मारत होत्या, “आगं, बादली आण, घमेलं आण, पिंपात वत पाणी!” माझ्या डोक्यात टणकन घंटा वाजली. बादलीला स्पॅनिशमध्येही ‘बाल्दे’ म्हणतात. लाकडी पिंप म्हणजे ‘पीपा’. घमेल्याचा भाऊ ‘गामेया’. हे शब्द पोर्तुगिजांबरोबर वसई-चौल-गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले, घाट चढून वर आले आणि आमच्या सासूबाईंच्या मोरीत येऊन बसले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणीच. दाराची बिजागरी त्यांच्याकडे ‘बिसाग्रा’. आपला बटाटा त्यांच्याकडे ‘बाताता’, फक्त अर्थ रताळं! आणि उलट दिशेनंही शब्द गेलेत. संस्कृतातली शर्करा फारशी-अरबी मुलखातून फिरत स्पेनला पोचली आणि ‘आसूकार’ झाली, नारिंग ‘नारांखा’ झालं.

मी लेकीला म्हटलं, “आजीला विचार, बादलीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात.” ती आजीकडे पळाली. आजी म्हणाली, “मला काय ठावं बाय? बादलीच म्हनत असतील.” लेक ओरडली, “आई! आजीला स्पॅनिश येतं!”

त्या दिवशी सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या. मग त्यांचीच चौकशी सुरू झाली. डाळिंब सोलत बसल्या होत्या. “आन ह्याला काय म्हंत्यात?” मी म्हटलं, “ग्रानादा. त्या नावाचं गावच आहे स्पेनमध्ये. त्यांच्या झेंड्यावर जे राजचिन्ह आहे, त्यातही खाली डाळिंब आहे.” सासूबाईंनी विचार केला. “झेंड्याव डाळिंब? मंजी आपल्या इंदापुरासारखी शेतकरीच मानसं म्हनायची.” मग धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात येणाऱ्या त्या लांब मानेच्या गुलाबी पाखरांची पाळी आली. रोहित पक्ष्याला तिकडे ‘फ्लामेंको’ म्हणतात, आणि त्यांच्या एका नाचाचंही तेच नाव, हे ऐकून आजी-नात दोघी अंगणात एका पायावर उभ्या!

तेव्हापासून आमच्याकडे एक खेळ सुरू झाला. दर रविवारी, भेटीत नाहीतर फोनवर, आजी एक शब्द देते आणि नात एक शब्द देते. आजीनं ‘उतरंड’ दिली, नातीनं ‘मेसा’ म्हणजे मेज दिलं. आजीनं ‘म्होरं’ दिलं, नातीनं ‘आबुएला’ म्हणजे आजी दिली. नातीच्या स्पॅनिशचा संप मिटला, कारण आता ते कुणाला तरी द्यायचं होतं. आणि आजी पुन्हा पहिल्यासारखी घडाघडा बोलायला लागली. मला यातलं दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

मैत्रिणींनो, घरी मुलांना परकी भाषा जरूर शिकवा. तुम्हाला येत असेल तर शिकवा. कन्नड येत असेल तर कन्नड, बंजारा येत असेल तर ती, स्पॅनिश येत असेल तर स्पॅनिश. पण पाहुण्यांपुढे वाजवून दाखवायला नको. मोबाइल हातात देऊन नको, तुम्ही स्वतः बोला. नोकरीचा हिशेब पाचव्या वर्षी नको. आणि एक भाषा घरात आणताना दुसरी मागच्या दारानं बाहेर तर जात नाही ना, एवढं बघा.

यंदाच्या संक्रांतीला पुन्हा हळदीकुंकू झालं. पुन्हा फर्माईश झाली. सहा वर्षांच्या माझ्या लेकीनं वीसपर्यंत आकडे म्हटले, टाळ्या घेतल्या, आणि खाली न बसता म्हणाली, “आता आजीचे म्हणते. दुरडी, माळवं, कोरड्यास, उतरंड, वाईच, म्होरं...” दोघी-तिघी हसल्या. टाळी काही पडली नाही. पण कोपऱ्यात बसलेल्या एक सत्तरीच्या काकू पुढे सरकल्या, तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, “कोरड्यास म्हन गं पुन्हा. माझी आई म्हनायची.”